मामाच्या पिकअपचा हॉर्न

मोथीबी मामा गेला आणि त्याची पिकअप माझ्या गळ्यात पडली. रेडिएटर गळका, ब्रेक नावापुरते. वर रोज दुपारी चारला हॉर्न आपोआप दोनदा वाजायचा. मामा तसाच वाजवून गुरांना पाण्यावर बोलवायचा, त्यामुळे कालाहारीतली आमची चाळीस गुरं दुरुस्तीसाठी मांडलेल्या माझ्या पान्या-पकडींवर येऊन उभी राहायची.

फ्यूज काढला, तरी वाजला. तारा तोडल्या, तरी वाजला. शेवटी आज सकाळी हॉर्नच उपटला आणि चाकं काढून गाडी विटांवर चढवली.

"गेलेल्या माणसाच्या वस्तूला महिनाभर हात लावायचा नसतो," मामाचा गुराखी दितिरो म्हणाला. "तुला आठवडाही धीर निघाला नाही."

"काका, तुम्ही गुरं बघा."

चार वाजले. माझ्या हातातला हॉर्न गप्प होता. "बघा, मिटली कटकट," मी म्हणालो.

तरी गुरं आली. आज मात्र पाण्याकडे न जाता ती दोन्ही बाजूंना सरत गेली, कुंपणापासून थेट गाडीपर्यंत, मधून कोणी चालत येत असल्यासारखी.

दितिरोनं टोपी काढली. "गाडीच्या दारातून बाजूला हो," तो हळूच म्हणाला.

मी सरकलो. विटांवरची गाडी ड्रायव्हरच्या बाजूला कुरकुरत खाली दबली.