नाटकघरातली जोहर

आमच्या अमेरिकन साहेबाने त्याच्या गावचं सगळ्यात जुनं नाटकघर मोडून बाकडी, फळ्या जहाजाने आखातात, शुऐब्याला आणल्या. साल १९६०. हॉल जोडायला सुतार दोघंच, मी आणि यूनुसचाचा.

"दोनशे वर्षं जुनं म्हणे," मी बोललो.

"आमच्या दाभोळची मशीद याच्या आज्याहून म्हातारी. चल, जोहरची वेळ झाली."

बाहेर ऊन पेटलेलं. आतून कडी घालून आम्ही स्टेजवरच दुपारच्या नमाजीला उभे राहिलो. रिकामी बाकडी पाठीमागे.

आम्ही वाकलो आणि मागे बाकडी करकरली. उठलो तशी परत करकरली. एक नाही, सगळी.

मी भडकलो. मस्करी करणाऱ्याच्या कानाखाली वाजवायची होती. पण वळलो तर नमाज तुटते. मग आठवलं, कडी मीच घातली होती.

करकर थांबली. स्टेजच्या पायरीवर पाऊल वाजलं.

नमाज चाचा पढवतो. आम्ही दोघंच असलो की मी चाचाच्या बाजूला उभा राहतो. तिसरा कोणी आला की तो मला हलकेच मागे ओढतो, म्हणजे चाचाच्या पाठीमागे आमची रांग होते.

माझा सदरा कोणीतरी हलकेच ओढला.

मागे न बघता चाचा जागा द्यायला एक पाऊल पुढे सरकला, आणि माझ्या खांद्याला खांदा लागला.