तिसरा खटका

डबल ड्यूटी करून आलेल्या नर्सचे डोळे मिटत होते. पण नवी जादा चावी गाडीला जोडून दे, अशी नवऱ्याने आठवडाभर भुणभुण लावली होती, म्हणून ती माहितीपुस्तिका घेऊन दारातल्या गाडीत बसली.

गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिने आधीच्या सगळ्या चाव्यांची नोंद पुसली आणि हातातल्या दोन चाव्या एकेक करून जोडल्या. जितक्या चाव्या, तितक्यांदा दारांचं लॉक वाजेल, असं पुस्तिकेत लिहिलं होतं.

लॉक तीनदा वाजलं.

"झोपेत माती खाल्ली मी," असं पुटपुटत तिने सगळं पुसून पुन्हा जोडलं. पुन्हा तीनच खटके.

"अरे, आपली तिसरी चावी आहे का कुठे?" तिने ओरडून विचारलं.

"दोन्ही तुझ्याकडेच आहेत की!" नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला.

ही गाडी प्रत्येक चावीबरोबर तिच्या माणसाची बसायची जागा लक्षात ठेवायची. दोन्ही चाव्या मुठीत असतानाच सीट आपोआप मागे सरकू लागली. नवऱ्याच्या जागेवरही ती थांबली नाही. नर्सचे पाय पेडलांपर्यंत पोचेनासे झाले.

आणि तिच्या पायांपासून वीतभर लांब असलेला ब्रेक सावकाश खाली दाबला गेला.