कोपरा फाडलेली कार्डं

बांबूच्या नळीतून कागद बाहेर पडले आणि कुंडलिकच्या तोंडचं पाणी पळालं.

सन छत्तीस. मेलेल्या आज्याच्या जागेवर त्याला हरकारा म्हणून लागायचं होतं. पोस्टमास्तर म्हणाले होते, "आजोबांच्या नोकरीचे कागद आण, चालचलणूक कशी होती ते बघू." शाबासकीचा कागद सापडला: 'कापूरहोळ ते पाली, रायबा हरकाऱ्याने एकही टपाल चुकविले नाही.'

त्याच्याच पोटात गुंडाळलेली पाच कार्डं होती. अठरा सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीतली, मुंबईहून आलेली. पाचांचाही कोपरा फाडलेला.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मरणाची खबर. उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडायचं. घरात कुणी ठेवत नाही. आज्यानं मात्र ही पाच नळीत घालून मरेपर्यंत आढ्याला खोचून ठेवली होती.

गाव म्हणायचं, रायबाच्या पिशवीतनं वंगाळ खबर कधी आली न्हाई. येणार कशी? म्हातारा गिळून बसला होता! कुंडलिकला त्याच्या नावानं थुंकावंसं वाटलं.

वरचंच कार्ड धोंडाबाईचं. नवरा गोदीत हमाल. ती अजून रुपयाएवढं कुंकू लावून एकटी वावर कसत होती. रायबा जाता-येता तिच्याच हातचं पाणी प्यायचा. पाणी गोड कसं लागलं त्याला?

दीर मानसिंग बांधावरून रोज टोचायचा, "वैनी, आला का दादा? न्हाईतर पुसा ते कुंकू आन् वावर आमच्या हवाली करा."

"मेल्याची खबर आलीया का?" ती विचारायची. मानसिंग बैलांकडं वळायचा. रांडावलेल्या बाईच्या जमिनीला गावात सतरा धनी उभे राहतात, पण आधी ती रांडावावी लागते.

कुंडलिक तडक वावरात गेला.

"काकी, आमच्या आज्यानं लई मोठं पाप केलंय. उद्या मास्तरास्नी सांगणार हाय म्या."

धोंडाबाईचं खुरपं थांबलं. "आन् तुजी नोकरी?"

"गेली खड्ड्यात. तुमचा जलम गेला वाट बघण्यात!"

त्यानं कार्ड पुढं केलं. तिनं फाटका कोपरा पाहिला. ती रडली नाही. पलीकडं मानसिंग बैल सोडत होता. तिनं कार्ड झटकन पदराखाली घेतलं आणि घामानं ओघळलेलं कुंकू बोटानं नीट केलं.

"त्यांनी वाचून दावलं तवाच म्हणलं हुतं रायबामामास्नी, जाळा म्हणून," ती हळूच म्हणाली. "बाकीच्या चौघींचीबी आजच जाळ. आन् मास्तराला सांग, एकबी टपाल चुकलं न्हाई."