ओळखीचा आवाज
सकाळी अमेरिकेतल्या फार्गो शहराच्या बास्केटबॉल संघाने लमाँटला बिस्मार्क शहराच्या संघाला देऊन टाकलं आणि दुपारी फार्गोच्याच मैदानावर तो बिस्मार्कची लाल जर्सी घालून फार्गोविरुद्ध उतरला. चौतिसाव्या वर्षी हा त्याचा अकरावा संघ होता, आणि करार जेमतेम दहा दिवसांचा. शेवटचे पाच सेकंद उरले. बिस्मार्क एका गुणाने पुढे होता, बॉल लमाँटच्या हातात होता आणि दोघे जण त्याच्या अंगावर धावून आले होते. तेवढ्यात मागून हाक आली, "लमाँट, इकडे!" वळून न बघताच त्याने बॉल दिला. तो झेलला फार्गोच्या कर्टिसने, तीन वर्षं त्याच्याच खोलीत राहिलेल्या दोस्ताने, आणि सरळ बास्केटमध्ये घातला. सामना हातचा गेला. "माफ कर गड्या," कर्टिस बाहेर पडताना म्हणाला, "मला ठाऊक होतं, तू देणार." "मीही हाक मारलीच असती," लमाँट म्हणाला. परतीच्या बसमध्ये सगळे त्याच्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसले. कोच एवढंच म्हणाले, "तुझे नऊ दिवस उरलेत." लमाँटला बसवेना. तो उठून बसच्या मधोमध उभा राहिला. "बॉल मागताना तुम्ही कसे ओरडता? एकेक जण ओरडा बरं." "काका, हजेरी घेताय काय?" मागच्या सीटवरचा एक खेळाडू खिदळला. "चल, तुझ्यापासूनच," म्हणत लमाँटने डोळे मिटले. तो खेळाडू ओरडला. मग त्याच्या शेजारचा ओरडला. ड्रायव्हर दचकून आरशात बघू लागला. "पुन्हा ओरड," लमाँट म्हणाला, "अजून कानात बसला नाहीस."