लांबच्या प्रवासाचं ऑइल

“आधी झाकण उघडून बघा,” मास्तर म्हणाले. “मग सांगा, ही गाडी अकराशे किलोमीटर जाईल का?”

मेकॅनिकने इंजिनावरचं ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि उजेडात धरलं. आतल्या बाजूला काळा, चिकट थर बसला होता. त्याने तो बोटावर घेऊन मास्तरांपुढे धरला.

“वरून गाडी आरशासारखी पुसलीय तुम्ही. आत बघा.”

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवून ते बोट निरखलं. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर घेतलेली ही गाडी. दरवेळी जे हाताला लागेल ते ऑइल भरलं होतं. नेहमीचं गॅरेज सोडून आज ते मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाला आले होते.

“मला कळायला हवं होतं,” ते म्हणाले.

“कसं कळणार? इंजिन चालू असतं, आवाज ठीक असतो. गाळ आपला गुपचूप साठत जातो.” मेकॅनिकने बोट फडक्याला पुसलं. “कोण जाणार एवढ्या लांब?”

“पोरगी. आणि तिची छोटी. दोघीच.”

मेकॅनिकने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि आत जाऊन ऑइलचा डबा आणला. साधं ऑइल तापून जळतं, त्याचाच हा गाळ, असं त्याने समजावलं. सिंथेटिक लवकर जळत नाही, थंडीतही पातळ राहतं, किल्ली फिरवल्याबरोबर सगळीकडे पोचतं. पण आतला गाळ तसाच ठेवून वरून भारी ऑइल ओतण्यात अर्थ नव्हता. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून सगळं धुवावं लागणार होतं.

“सगळ्यात जाड कुठलं असतं, ते घाला.”

“जाड म्हणजे चांगलं असं नसतं, मास्तर. गाडीच्या पुस्तकात जो नंबर दिलाय, तोच घालायचा. दोन दिवस द्या.”

“परवा दुपारच्या आत हवी. तोवर तो बाहेरगावी असेल.”

“तो म्हणजे?”

“तिचा नवरा.”

मेकॅनिकने डबा खाली ठेवला. त्याच्या स्वतःच्या मुलीचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पुढचं विचारायला त्याची जीभ रेटेना, पण विचारल्याशिवाय राहवेनाही.

“मारतो?”

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. “दोनदा निघाली होती ती. दोन्ही वेळा मीच समजूत घालून थांबवलं. सुधारेल म्हणालो. लग्नाच्या वेळीही मीच शब्द दिला होता, मुलगा चांगला आहे म्हणून.”

“माहेरीच ठेवून घ्या की मग.”

“पहिल्यांदा तो तिथेच जाईल शोधायला. तिकडे लांब तिला वसतिगृहात नोकरी मिळालीय. राहायला खोली आहे. फक्त वाटेत गाडी बंद पडता कामा नये.”

“नाही पडणार,” मेकॅनिक म्हणाला.

ते दोन दिवस त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. चेंबर उतरवलं, जाळी घासली, फिल्टर बदलला, नवं ऑइल भरलं. इंजिन चालू करून, बंद करून, ऑइल मोजायची पट्टी तीनतीनदा पुसून बघितली. लेकीसाठी बाप एवढं करतोय, मग आपण हात का आखडता घ्यायचा, असं त्याला वाटत होतं.

ठरल्या दिवशी सकाळी मास्तरांबरोबर ती आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हाताला चार वर्षांची मुलगी. बाही वर सरकली तेव्हा मनगटावरचे पिवळट डाग मेकॅनिकला दिसले. त्याने नजर वळवली आणि बॉनेट उघडलं.

“दोन हजार किलोमीटर झाले की हे ऑइल एकदा बदलून घ्या, ताई. राहिलासाहिला गाळ त्यात उतरलेला असेल. तोवर बिनधास्त चालवा.”

तिने मान डोलावली. मग मास्तरांकडे वळली. “बाबा, तुम्हीही चला ना.”

“मी इथे असलो तर तो आधी माझ्याकडे येईल. तेवढा वेळ तुला मिळेल.”

“तुम्हाला काही केलं त्याने तर?”

“निघ आता.”

छोटीने मागच्या काचेतून हात हलवला. “आजोबा, टाटा!” गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी मास्तर कान देऊन उभे होते. इंजिनाचा आवाज एकसारखा होता.

मास्तर गॅरेजमध्येच बसून राहिले. दुपारी त्यांचा फोन वाजला. ते शांतपणे बोलले. “हो. माझ्याजवळच आहेत दोघी. ये.” आणि त्यांनी गॅरेजचा पत्ता सांगितला.

“इथे कशाला बोलावलंत?” मेकॅनिक चमकला.

“त्याला हमरस्त्यापासून लांब ठेवायचंय. आणि एकट्याने त्याच्यासमोर उभं राहायची माझी छाती नाही.”

तासाभराने टॅक्सीतून एक उंच, नीटनेटका माणूस उतरला. गॅरेजभर नजर फिरवून तो सरळ मास्तरांपाशी आला.

“कुठाय ती?”

“गेली.”

“कुठे?”

“सांगणार नाही.”

त्याने मास्तरांची कॉलर धरली आणि त्यांना भिंतीवर आदळलं. चष्मा खाली पडला. मेकॅनिक पाना घेऊन मध्ये घुसला, त्याने त्या माणसाला दोन पावलं मागे रेटलं.

“लाज वाटत नाही? सासऱ्यावर हात टाकतोस?”

मास्तरांनी वाकून चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांवर ठेवला.

“सासरा मी तिचा,” ते म्हणाले. “ह्याचा बाप.”