हेळव्याच्या वहीतली ओळ

गावात हेळवी आल्याचं कळलं आणि इरव्वानं हातातलं काम तसंच टाकलं. घराघरांच्या पिढ्या वहीत लिहून दारोदार वाचून दाखवणारा हा माणूस गडहिंग्लजजवळच्या त्यांच्या गावी बारा वर्षांनी फिरकला होता. हेळव्यापुढं खोटं बोलायचं नसतं, म्हणून लेक वीरेश दत्तक असल्याचं तिच्या नवऱ्यानं, रुद्राप्पानं त्याला खरं तेच सांगितलं होतं. वीरेशला मात्र दोघांनी ते कधी कळू दिलं नव्हतं. नवरा गेला, पण वहीतली ओळ तशीच राहिली. त्यात वीरेश नेमका आज रजा काढून कोल्हापूरहून आला. म्हणाला, “आपल्या पिढ्या ऐकायच्या हायत.”

अंगणात घोंगडं पसरलं. हेळवी खापरपणज्यापासून एकेक नाव घेत खाली येऊ लागला. इरव्वा तांदळाचं सूप घेऊन दाराआड उभी होती.

“रुद्राप्पा. बायको इरव्वा.” हेळवी थांबला. त्यानं वीरेशकडं बघितलं. “त्यांचा लेक वीरेश.” आणि वही मिटली.

वीरेश हेळव्याच्या बैलाला वैरण टाकायला गेला, तशी ती बाहेर आली. सुपातले तांदूळ झोळीत ओतताना ती हळूच म्हणाली,

“उपकार झालं, अण्णा. पोराला कळलं असतं, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं हुतं?”

“उपकार माझं न्हवंत, अव्वा. एस.टी.तनं उतरून तो आधी माझ्या पालावरच आलता. म्हणाला, आईसमोर तेवढं वाचू नका, ती लई भितीया.” हेळव्यानं झोळीचं तोंड बांधलं. “मागच्या खेपेला तुम्ही शेताकडं गेलतासा, तवाच त्यानं ऐकलंय.”