बिघडलेलं मशीन

धाकट्या जावेची चक्कर हे नाटक ठरलं, तर निम्मा स्वयंपाक थोरलीच्या डोक्यावरून उतरणार होता. "उभं राहिलं की हिचं रक्त पायांत उतरतं आणि काळीज धावत सुटतं," असं डॉक्टर म्हणाले होते. थोरलीच्या मते ते नेमकं ओट्यापाशीच धावायचं.

म्हणून तिने सासऱ्यांचं प्रेशरचं मशीन काढलं आणि घरच्या सगळ्यांसमोर, सोफ्यावर बसलेल्या धाकटीच्या दंडाला पट्टा बांधला. ठोके बहात्तर.

"बघा! ठणठणीत आहेत बाईसाहेब." सगळे हसले.

"ताई, आता उभी राहते. पुन्हा मोजा ना," धाकटी म्हणाली.

ती भिंतीला धरून उभी राहिली. थोरलीने जरा थांबून ऐटीत बटण दाबलं. ठोक्यांचा आकडा एकशे अडतीस! तो दोघींनाच दिसला. थोरलीने झटकन मशीन बंद केलं.

"बिघडलंय मेलं!"

धाकटी निमूट भांडी घासायला गेली आणि तिथेच कोसळली.

दोन दिवसांनी ओट्याजवळ एक उंच स्टूल दिसलं. ते कुणी आणलं, हे थोरलीने कुणाला सांगितलं नाही. धाकटी त्यावर बसली आणि भाजी चिरायला घेतली.

"मशीन दुरुस्त झालं वाटतं, ताई," ती हळूच म्हणाली.

थोरलीची मान वर झाली नाही. निम्मा स्वयंपाक तिच्या डोक्यावरून उतरला होता खरा. टाके मात्र धाकटीच्या हनुवटीला पडले होते.